खुलना, १० डिसेंबर १९७१

१९७१ चं युद्ध आपण शाळेत तीन शब्दांत पाठ केलं होतं : तेरा दिवस, ढाका, शरणागती. सर, ही तक्रार नाही. पेपरात त्याहून जास्त विचारतही नव्हते. १० डिसेंबरला खुलन्याजवळ काय घडलं ते मला चाळिशीत कळलं, कॅप्टन मोहन नारायणराव सामंत यांनी संदीप उन्नीथन यांच्यासोबत लिहिलेल्या 'ऑपरेशन एक्स' या पुस्तकाच्या निमित्ताने.

सामंत आपल्या नौदलातले पाणबुडीवाले. मुक्तिवाहिनीच्या पाणबुड्यांना, म्हणजे पोहत जाऊन जहाजाला सुरुंग लावणाऱ्या पोरांना, तयार करण्याच्या गुप्त मोहिमेत ते होते. डिसेंबरात त्यांच्या हाताखाली आयएनएस पनवेल आणि पद्मा, पलाश या दोन गनबोटी होत्या. पद्मा-पलाश मूळच्या कलकत्ता बंदराच्या साध्या बोटी, त्यांच्यावर तोफा बसवलेल्या. पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली खलाशी त्यांवर होते. वरून ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूणही केली होती.

दुपारच्या सुमारास खुलन्याच्या गोदीजवळ विमानं आली. आपलीच. पद्मा आणि पलाश दोन्ही गेल्या. पनवेल तेवढी वाचली. पलाशच्या इंजिनखोलीत रुहुल अमीन होते. बोट सोडायचा हुकूम झाला तरी ते इंजिन सोडेनात. शेवटी जखमी होऊन नदीत पडले, काठाला लागले आणि तिथे रझाकारांनी त्यांना मारलं. बांगलादेशाचा सर्वोच्च शौर्यसन्मान फक्त सात जणांना आहे, त्यांतले ते एक. सामंतांना महावीरचक्र मिळालं. सहा दिवसांनी ढाका पडलं आणि विजयाच्या गोष्टीत ही दुपार बुडून गेली.

पण ती जुनी झाली म्हणावं तर २७ फेब्रुवारी २०१९ आठवतो. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहा जण गेले, जमिनीवरचा एक गावकरीही गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पडलं, ही मोठी चूक होती, हे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ऑक्टोबरात जाहीरपणे मान्य केलं. सात महिने! घरच्यांनी ते कसे काढले असतील?

आता माझ्या धंद्यातलं थोडं. विमानात एक यंत्र असतं. खालून रेडिओवर सांकेतिक प्रश्न जातो, ते सांकेतिक उत्तर देतं. आपल्याकडे हरभऱ्यात जागलीला बसलेला माणूस 'कोन हाय?' म्हणून हाळी देतो, तेच. फरक एवढाच, की बरोबर उत्तर आलं तर आपला, हे नक्की; उत्तरच नाही आलं तर शत्रू, हे नक्की नाही. यंत्र बिघडलेलं असेल, बंद असेल. बडगामच्या बातम्यांत ते बंद असल्याचंच आलं होतं. प्रोग्रॅम लिहिताना 'उत्तर नाही' याचा अर्थ आम्ही सवडीने ठरवतो, चुकला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. तिथे काही क्षण असतात, आणि आदल्याच दिवशी सगळ्यांची बोटं चापावर गेलेली असतात.

आपल्या तुकडीतले फौजेत गेलेले मित्र संमेलनाला येतील, तेव्हा त्यांना मी एकच विचारणार आहे : रात्री पहाऱ्यावर 'कोण' म्हटल्यावर समोरून उत्तर आलं नाही, तर तुम्ही किती वेळ थांबता?