रस्ता पूर्ण कोठून होतो?

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, असे जाहीर करण्यात आले. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचे टप्पे बोलके आहेत. नागपूर ते शिर्डी हे ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये एकदमच उघडले. उरलेले १८१ किलोमीटर मात्र तीन तुकड्यांत आले आणि त्यांना अडीच वर्षे लागली. पठारावर सरळ धावणारा रस्ता सह्याद्रीपाशी थबकला. तेथे इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा खणावा लागला, दऱ्यांवर उंच पूल उभारावे लागले.

घाटमाथ्यावरचे हे थबकणे आपल्याकडे फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर या बाजारपेठांचा उल्लेख येतो. तगर म्हणजे लातूरपासून फार दूर नसलेले आजचे तेर. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असा त्याचा हिशेब आहे. तगरचे कापड गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून बंदरावर नेत असत, असे तो अनाम लेखक नोंदवतो. माल आहे, बाजार आहे, मधला रस्ता तेवढा नाही: मराठवाड्याच्या दळणवळणाचे सूत्रच या नोंदीत सापडते, असे आम्हांस वाटते.

रस्ता नव्हता तरी नावे मात्र घाट उतरून गेली. कोकणचे शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. राष्ट्रकूटांच्या बिरुदांत लट्टलूर येते, आणि ते लातूरच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सत्ता दूर गेली. मूळ गाव बिरुदापुरते उरले.

लोहमार्गाने अंतर कमी केले, पण तुकडे सांधले नाहीत. भोर घाटातून १८६३ मध्ये आणि थळ घाटातून १८६५ मध्ये रेल्वे वर आली. पुढे १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यातून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मार्ग नांदेडला पोचला, पण तो मीटरगेज होता. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे आली. तिच्या रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. म्हणजे नांदेडचा माल मनमाडला आणि लातूरचा कुर्डुवाडीला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. डोंगर ओलांडण्याची सोय झाली होती. अडथळा आता सपाटीवर, हमालाच्या पाठीवर आला होता. मनमाडकडील रूळ १९९०च्या दशकात बदलले, लातूरकडील त्यानंतर दशकभराने.

या पार्श्वभूमीवर ‘पूर्ण’ हा शब्द पुन्हा वाचावा. समृद्धीला जोडणारा जालना–नांदेड हा सुमारे १८० किलोमीटरचा द्रुतगती मार्ग योजिलेला आहे. ५ जून २०२५ रोजी तो खुला नव्हता. लातूर जिल्ह्याला तर समृद्धीचा स्पर्शही नाही. मुंबईच्या टोकाला उभे राहिले की रस्ता संपतो. नांदेडच्या टोकाहून पाहिले तर तो अजून सुरू व्हायचा असतो.

रस्ता आला म्हणजे भले झाले, असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी कोणाची तरी पिकती जमीन जाते, आणि रस्त्यावरून काय बाहेर जाते व काय आत येते हा हिशेब निराळाच मांडावा लागतो. आमचा मुद्दा वाचनाचा आहे. रस्त्यांचा इतिहास बहुधा बंदराच्या आणि राजधानीच्या बाजूने लिहिला जातो. पेरिप्लसचा लेखकही बंदराकडूनच तगरकडे पाहत होता. तरीही मधल्या मुलखात रस्ता नाही, एवढे नोंदवण्याचा प्रामाणिकपणा त्याने दाखवला. आजच्या उद्घाटनाच्या बातम्यांत ती नोंद आपल्याला शोधावी लागते.