ट्रंकेतले दोन कागद

परवा जळगावला मोठ्या मामांकडे गेलो होतो. आम्ही त्यांना बापू म्हणतो. मामींच्या ईसीएचएस कार्डाचं काम अडलं होतं. बापूंच्या डिस्चार्ज बुकात मामींच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. तेवढ्यावरून अर्ज परत आला. आता प्रतिज्ञापत्र करायचं. कागद शोधताना ट्रंकेतून आजोबांच्या डिस्चार्जचाही कागद निघाला, 1946 सालचा.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. 1945 पर्यंत हिंदी फौज 25 लाखांच्या आसपास गेली होती. युद्ध संपलं आणि लाखो जवान घरी आले. जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षं नोकरी लागते. आजोबांची भरली चार. बापूंची मात्र 22 झाली, 1988 ला ते हवालदार म्हणून पेन्शनवर आले.

तेव्हा फौजेचा दवाखाना म्हणजे देवळाली. जळगावहून रेल्वेने सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणत बापू दुखणं अंगावर काढायचे.

1 एप्रिल 2003 ला ईसीएचएस सुरू झाली. वर्गणी एकदाच भरायची, पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचं, तिथून चिठ्ठी घेऊन यादीतल्या खासगी रुग्णालयात जायचं. त्या तारखेपासून निवृत्त होणाऱ्या पेन्शनरांना ती सक्तीची, आधीच्यांना ऐच्छिक. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणीही माफ. दरमहाचा वैद्यकीय भत्ता तेवढा सोडायचा. पुढे जळगाव-धुळ्यालाही पॉलिक्लिनिक झाली.

पण दारावर अट होती पेन्शनची. महायुद्धातले आजोबांसारखे जवान बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी दार उघडलं मार्च 2019 मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर 74 वर्षांनी. विशीत भरती झालेला तोवर नव्वदी ओलांडून गेलेला! आमचे आजोबा 1998 लाच गेले. शेवटपर्यंत दम्यावर घरचा काढा.

दोघांनी वर्दी एकाच सरकारची घातली नव्हती, हे खरं. पण दम्याला त्याचं काय?

मामी मात्र माझ्या हातातल्या कागदांकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "मन्हं नाव लागी ना भाऊ?" लागेल, म्हटलं.

असो. नातेवाईकांपैकी ज्यांच्या घरात फौजी आहे, त्यांनी आजच ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि आधार शेजारी ठेवून घरातल्या बाईचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. दवाखान्याच्या दारात ते बघायची वेळ येऊ नये.