पैतृक ऋण

मृत पित्याचे कर्ज फेडण्याचे हिंदू धर्मशास्त्राने पुत्रपौत्रांवर टाकलेले दायित्व. ऋण न फेडता मरणाऱ्यास सद्गती नाही, अशी समजूत असल्यामुळे स्मृतिकारांनी हे कर्तव्य मालमत्तेपेक्षा नात्याशी अधिक जोडले. बृहस्पतीच्या मते पित्याचे ऋण पुत्राने स्वतःचे समजून फेडावे, पौत्राने आजोबाचे केवळ मुद्दल द्यावे. प्रपौत्रावर बंधन नाही. मद्य, द्यूत व कामवासना यांपायी झालेले कर्ज, थकलेला दंड वा शुल्क आणि व्यर्थ दाने याज्ञवल्क्याने वगळली. मृताचे धन घेणाऱ्याप्रमाणेच त्याची स्त्री स्वीकारणाऱ्यानेही ऋण फेडावे, असेही तो सांगतो.

ब्रिटिश अमदानीत या धार्मिक कर्तव्यास हुकूमनाम्याचे बळ मिळाले आणि पित्याच्या आत्म्याची चिंता हेच सावकाराचे तारण ठरले. मुंबई इलाख्यात बापाकडून कवडीही न मिळालेला मुलगा त्याच्या कर्जास व्यक्तिशः जबाबदार धरला जाई. १८६६ च्या मुंबईच्या सातव्या अधिनियमाने वारसाचे दायित्व त्याच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरते सीमित केले. विधवेशी लग्न करणाऱ्यासही तिच्या पहिल्या पतीच्या कर्जातून मुक्त केले. पाटाची चाल असलेल्या जातींच्या दृष्टीने ही तरतूद लहान नव्हती.

व्यवहारात मात्र या संरक्षणाला वाट होती. बापाचा रोखा मुलाने आपल्या नावे नवा करून दिला, की ते कर्ज त्याचे स्वतःचे होई. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने वडिलोपार्जित कर्ज हे ऋणग्रस्ततेचे एक कारण मानले. शिवाय एकत्र कुटुंबाची मालमत्ता, मुलांच्या हिश्शांसह, बापाच्या कर्जापोटी जप्त होऊ शके. कर्ज अनैतिक नसल्यास बाप हयात असतानाही ती धनकोस घेता येते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२३ मध्ये ब्रिज नारायण खटल्यात स्पष्ट केले.

हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ अन्वये केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारे पुत्र, पौत्र वा प्रपौत्राविरुद्ध वसुलीचा हक्क न्यायालयास मान्य करता येत नाही. अधिनियमाच्या प्रारंभापूर्वीची, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पूर्वीची कर्जे यातून वगळली आहेत. मृताच्या मालमत्तेवरील धनकोचा हक्क मात्र कायम आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ प्रमाणे हाती आलेल्या मालमत्तेचा योग्य विनियोग वारसास दाखविता आला नाही, तरच तेवढ्या रकमेपुरती त्याच्यावर व्यक्तिशः बजावणी होते.