बंदिशीतील नाममुद्रा आणि लखनौ

आलमबाग म्हटले की आज बसस्थानक, रेल्वेचा कारखाना आणि २०१७ पासून मेट्रो डोळ्यांपुढे येते. मूळची ही बाग नवाब वाजिदअली शाहाने आपली बेगम आलमआरा हिच्यासाठी वसविली. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजी फौजांनी येथे तळ दिला आणि सेनापती हॅवलॉकचे दफनही येथेच झाले. इतिहासाची पुस्तके बहुधा येथवर येऊन थांबतात. प्रस्तुत लेखाला कारण झाली आहे ती लढाई नव्हे, तर बाग वसविणाऱ्या नवाबाची एक वेगळी सवय. १८५६ साली त्याचे राज्य गेले आणि कलकत्त्यानजीक मटियाबुर्ज येथे त्याने उरलेले आयुष्य काढले. परंतु ठुमऱ्यांतून त्याने गुंफलेले 'अख्तरपिया' हे नाव लखनौ सोडून गेले नाही. मैफलीत ती ठुमरी उभी राहिली की पदच्युत नवाब क्षणभर हजर होत असे.

कलावंताने आपली ओळख लोकांत कशी रुजवावी, हा प्रश्न आजच्या तरुणांना आंतरजालामुळे पडला आहे असे आपण समजतो. प्रश्न जुना आहे. छापखाना नव्हता, तबकडी नव्हती, तेव्हा कलावंताने आपले नाव कलाकृतीतच विणून ठेवले. संगीतात त्याला छाप किंवा मुद्रा म्हणतात. मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. 'तुका म्हणे' आणि 'नामा म्हणे' ऐकतच आपण वाढलो. 'एका जनार्दनी' या मुद्रेत तर शिष्याने आपल्या नावाला गुरूचे नाव कायमचे जोडून घेतले. दिल्लीच्या महंमदशाहाच्या दरबारातील बीनकार नियामतखाँ याने 'सदारंग' या नावाने ख्याल रचले आणि त्यांत अनेकदा आपल्या धन्याचे नावही गोवले. बादशाहाच्या तख्ताचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. सदारंग मात्र आजही रोज कुठे ना कुठे गायला जातो.

मुद्रा ही सहीही आहे आणि कुलूपही. ती छंदात व तालात बसविलेली असते. काढून टाकली तर ओळ लंगडते. चोराला त्याच मात्रांचे दुसरे नाव शोधावे लागते. तुकोबांच्या काळी सालोमालोने हा उद्योग केला. दुसऱ्याच्या अभंगात आपले नाव घालून तो मिरवत असे, अशी परंपरा सांगते. (१९३६ च्या प्रभातच्या चित्रपटामुळे हा गृहस्थ घरोघरी पोहोचला. चोराला एवढी कीर्ती क्वचितच लाभते!)

आता आपल्या शहराकडे वळू. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील, राहणार मुंबईचे. घराण्यांच्या पेट्यांत बंद असलेल्या चिजा त्यांनी देशभर हिंडून मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांतून लोकांच्या हाती दिल्या. अनेक उस्तादांना हे रुचले नाही, आणि त्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. चीज ही त्यांची मिळकत होती. ती चार-आठ आण्यांच्या पुस्तकासारखी सर्वांची झाली तर पुढच्या पिढीने खावे काय? तथापि ज्यांनी दिल्या त्यांच्या चिजा वाचल्या, आणि चिजेबरोबर रचनाकाराची मुद्राही छापली गेली, हे विसरता येत नाही.

स्वतः भातखंड्यांची रीत मात्र चमत्कारिक. इतरांची नावे जपणाऱ्या या माणसाने स्वतःचे नाव झाकून ठेवले. संस्कृतातील 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने, तर मराठीतील 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' 'विष्णुशर्मा' या नावाने. दुसऱ्या ग्रंथात पहिल्याचा आधार एखाद्या परक्या पंडिताचा द्यावा तसा दिला आहे. यात विनय किती आणि मतांना वजन आणण्याची वकिली किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९२४ आणि १९२५ च्या संगीत परिषदा लखनौला भरल्या, आणि १९२६ साली राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या सहकार्याने मॅरिस कॉलेज सुरू झाले. नाव दिले गेले प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचे. संस्थेला भातखंड्यांचे नाव मिळाले ते १९६६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. आज हे विद्यापीठ कैसरबागेत वाजिदअली शाहाच्या परीखान्यात आहे. अख्तरपियाच्या वास्तूवर चतुर पंडिताची पाटी लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

या संस्थेचा भार सुमारे तीन दशके वाहिला तो श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी. भातखंडे आणि बडोद्याचे फैयाजखाँ अशा दोघांची तालीम मिळालेले अण्णासाहेब मुंबई सोडून येथे आले आणि १९५७ पर्यंत प्राचार्य राहिले. मुंबईच्या मैफली व तबकड्यांचा बाजार यांपासून दूर राहिल्याने गायक म्हणून त्यांचे नाव व्हावे तेवढे झाले नाही. परंतु 'सुजन' या मुद्रेने त्यांनी शेकडो बंदिशी रचल्या. त्या 'अभिनव गीतमंजरी'च्या तीन भागांत आहेत. चिदानंद नगरकर, के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, सुमती मुटाटकर यांसारख्या शिष्यांच्या कंठातून सुजन देशभर पोहोचला. शिष्य दिनकर कैकिणी यांनी पुढे 'दिनरंग' ही स्वतःची मुद्रा घेतली.

यंत्रे आली तशी मुद्रेची जागा बदलली. १९०२ साली गौहरजान हिने तबकडीच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारले, ते जर्मनीतील कारखान्यात तबकड्यांवर नावाची चिठ्ठी बरोबर लागावी म्हणून. १९३८ साली लखनौला आकाशवाणी केंद्र आले आणि नाव सांगण्याचे काम निवेदकाकडे गेले. मॅरिस कॉलेजचे विद्यार्थी तलत महमूद याच केंद्रावरून प्रथम गायले. कलकत्त्यास बंगाली गीतांसाठी हेच गृहस्थ 'तपनकुमार' झाले. बाजार बदलला की नाव बदलावे लागते, हेही काही आजचे नाही.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. आलमबागेतील एखादी विद्यार्थिनी घरात बसून गाते आणि घटकेत ते पुण्याला ऐकू जाते. अण्णासाहेबांना ही सोय असती तर काय झाले असते, असा विचार मनात येतोच. पण एक अडचण आहे, ती जाणत्यांनी ध्यानी घ्यावी. मुद्रा बहुधा अंतऱ्यात असते, आणि मिनिटभराच्या चित्रफितीत स्थायीच कशीबशी मावते. मुखडा, दोन ताना, समेवर येणे, की फीत संपली. गाणाऱ्या मुलीचे नाव ठळक अक्षरांत असते. सदारंग, चतुर, सुजन यांपैकी कोणीच तेथवर पोहोचत नाही. फितीखाली चार शब्द लिहिण्यापुरती जागा असतेच. तेथे रागाच्या नावापुढे 'रचना : सुजन' असे लिहिता येते, आणि आपल्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या पत्रिकेतही.