किल्लारीची घरं कोणी डिझाइन केली?

डिझाइनच्या किंवा वास्तुकलेच्या इतिहासावर संशोधन करायचं ठरवलं की आपण बहुतेकजण आधी एक नाव धरतो. अच्युत कानविंदे, चार्ल्स कोरिया, लॉरी बेकर, असं कुणीतरी. नाव धरलं की काम सोपं होतं. नकाशे मिळतात, मुलाखती मिळतात, प्रकरणं आपोआप पडत जातात. गाइडसुद्धा खूश असतात, कारण विषय 'मर्यादित' झालेला असतो.

ही पद्धत एका ठिकाणी मात्र अडते. डिझाइनर स्वतः रेघ मारायचं थांबवतो आणि रेघ मारणाऱ्या दहा, शंभर, हजार लोकांकडून काम करून घ्यायला लागतो, ते हे ठिकाण. आयुष्याचा हा दुसरा टप्पा प्रबंधात बहुधा एका परिच्छेदात उरकतात. पुढे त्यांनी ऑफिसची धुरा सांभाळली, झालं. पण नेमकं काय बदललं? त्याने काय हातात ठेवलं, काय सोडून दिलं? दुसऱ्याच्या हातून चूक झाली तर ती कुणाची? हे प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्यांची उत्तरं नकाशात नसतात.

या प्रश्नांसाठी मुंबई-दिल्लीचं मोठं ऑफिस शोधायची गरज नाही. आपल्या लातूर जिल्ह्यातच याचं उदाहरण आहे, आणि तिथे चुकीची किंमत माणसाच्या जिवाने मोजली जाणार होती.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे 8 हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. जगाच्या हिशोबात हा काही फार मोठा भूकंप नव्हता, तरी एवढी माणसं गेली. याचं उत्तर घरांच्या बांधणीत आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

तुमच्या आजोळी माळवदाचं घर असेल तर ते डोळ्यांसमोर आणा. दोन-तीन फूट, कधी त्याहून जाड दगडी भिंत. दिसायला अभेद्य. पण आतून ती एक भिंत नसतेच. आतलं एक तोंड, बाहेरचं एक तोंड आणि मधे बारीक दगड नि मातीची भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर लाकडी खांब-तुळयांवर माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचे थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढवलेले, त्यामुळे वजन अफाट. जमीन हलली तेव्हा भिंतींची दोन तोंडं एकमेकांपासून सुटली आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. काही ठिकाणी तर भिंती पडल्या, पण लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला. म्हणजे त्याच घरात जुन्या सुताराचं डिझाइन टिकलं आणि गवंड्याचं पडलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुनर्वसनाचं मुख्य काम 1994 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या कार्यक्रमात झालं. त्यात दोन फार वेगळी कामं होती. एक, सर्वात जास्त नुकसान झालेली 52 गावं नव्या जागी वसवणं. दुसरं, इतर गावांतल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. ही घरं होती 1 लाख 90 हजारांच्या आसपास.

हा दुसरा आकडा घेऊन साधं गणित करून बघा. एका इंजिनिअरने रोज एका घराला भेट दिली, मापं घेतली, नकाशा केला आणि वर्षाचे 300 दिवस काम केलं, तर त्याला 600 हून जास्त वर्षं लागतील. शंभर इंजिनिअर लावले तरी सहा वर्षं, तीही फक्त नकाशांना. तोवर लोक फुटक्या भिंतींखाली झोपणार. एकट्याने डिझाइन करण्याची पद्धत इथे चालणारच नव्हती.

आधी 52 गावांकडे पाहू. इथे डिझाइन वरून आलं. कुटुंबाकडे जमीन किती, यावरून घराचा आकार ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या शेतकऱ्यांना 750. गावांची आखणी बऱ्याच ठिकाणी सरळ रस्ते आणि चौकोनी प्लॉट अशी. जुन्या गावात वाडे एकमेकांना चिकटून असायचे आणि गल्लीची रुंदी बैलगाडीच्या हिशोबाने. नवी गावं जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरली. सारख्या आकाराची घरं एकत्र ठेवल्याने भावकी विखुरली. शेतीची अवजारं, कडबा, जनावरं यांना 250 फुटांत जागा कुठून येणार? पुढच्या काही वर्षांत लोकांनी घराभोवती भिंती घातल्या, पत्र्याचे आडोसे काढले, दारापुढे ओटे केले. आज त्या गावांत फिरलात तर मूळ घर शोधावं लागतं.

यावर टीका भरपूर झाली आहे आणि ती बरीचशी बरोबर आहे. मात्र तुम्ही लिहाल तेव्हा एक गोष्ट विसरू नका. हजारो कुटुंबं पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहत होती. अनेक गावं वेगवेगळ्या संस्थांनी दत्तक घेतलेली, प्रत्येकीची पद्धत वेगळी, घाई सगळ्यांनाच. अशा वेळी एकच नकाशा शंभर वेळा वापरणं हा आळस नसतो. कामाची जबाबदारी अंगावर आलेल्या माणसाला तो सर्वात सुरक्षित वाटणारा मार्ग असतो. नकाशा एक असला की तपासणीही एकच. हाताखालच्या माणसांवर भरवसा ठेवावा लागत नाही.

मग उलट केलं असतं तर? प्रत्येक कुटुंबासाठी वेगळं घर? हा प्रयोग इजिप्तमध्ये झालेला आहे. लक्सरजवळ 1940 च्या दशकात हसन फाथी या वास्तुविशारदाने नवं गुर्ना नावाचं गाव वसवायला घेतलं. मातीच्या विटा, घुमट, कमानी, आणि आग्रह असा की एकसारखी घरं नकोत, प्रत्येक कुटुंबाचा वेगळा विचार व्हायला हवा. त्याने घुमट बांधणारे न्युबियन गवंडी आणले आणि स्थानिकांना ती कला शिकवली, हे त्याचं खरं मोठं काम. पण गाव अर्धवटच राहिलं. ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यांतल्या बहुतेकांना तिथे जायचंच नव्हतं. सरकारी खात्यांची आडकाठी वगैरे कारणं होतीच. तरी फाथीचं पुस्तक वाचताना जाणवतं ते हे, की सगळे निर्णय एका माणसापाशी येऊन अडत होते. त्या माणसाची नजर कितीही चांगली असली तरी दिवसाचे तास तेवढेच.

आता दुसऱ्या कामाकडे, दुरुस्ती आणि मजबुतीकरणाकडे. माझ्या मते किल्लारीचा खरा डिझाइनचा इतिहास इथे आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

त्याची वैचारिक तयारी आधीपासून चालू होती. रुरकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांच्या अध्यक्षतेखालच्या आंतरराष्ट्रीय समितीने 1986 मध्ये एक मार्गदर्शिका काढली होती. विषय होता, ज्या घरांना इंजिनिअरचा हात कधी लागणारच नाही अशी घरं भूकंपात कशी टिकवायची. यातला धाडसी भाग असा की डिझाइनर आधीच मान्य करतो की मी तिथे नसेन. दगड-मातीच्या कच्च्या बांधकामासाठीचं भारतीय मानक 13828 हे तर 1993 सालचंच. अशा मार्गदर्शिकांत घराचा नकाशा नसतो, अटी असतात. ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला. लिंटेलच्या आणि छताच्या पातळीवर पूर्ण घराभोवती न तुटणारा आरसीसीचा पट्टा फिरवा. कोपऱ्यात सळई द्या. दारं-खिडक्या कोपऱ्याला चिकटवू नका. जुनं माळवद असेल तर वरच्या मातीचं वजन कमी करा, खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरका टेकू द्या.

देवघर कुठे, चूल कुठे, दार पूर्वेला की उत्तरेला, ओसरी किती रुंद, याबद्दल एक शब्द नाही. ते घरवाल्याचं काम.

एकट्याने काम करणाऱ्या डिझाइनरला सगळंच ठरवायची सवय असते. टीम चालवणाऱ्याला आधी हे ठरवावं लागतं की कोणत्या चार गोष्टी कुणालाही बदलू द्यायच्या नाहीत, आणि बाकीच्यातून आपण हात काढून घ्यायचा. किल्लारी परिसरात गावोगावी नेमलेल्या कनिष्ठ अभियंत्यावर हेच काम येऊन पडलं. कॉलेजात तो बीमचं गणित शिकून आलेला. इथे त्याला गणित करायचं नव्हतं. ज्याने तीस वर्षं भिंती बांधल्यात अशा गवंड्याला सांगायचं होतं की काका, हा लांब दगड आडवा घाला. आणि काका विचारणार, कशाला? त्याचं उत्तर देता आलं नाही तर दगड घातला जाणार नाही. गिलावा झाल्यावर तो घातला की नाही हे कुणालाही दिसत नाही. म्हणजे तपासणीची वेळ गिलाव्याच्या आधीची, आणि इंजिनिअर रोज प्रत्येक भिंतीपाशी हजर राहू शकत नाही.

मग तिथे कोण असतं? घरात राहणारी बाई असते. या कार्यक्रमातली सर्वात महत्त्वाची रचना मला ही वाटते. दुरुस्तीच्या कामात लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आली. गावोगावी 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या, महिला मंडळांना या कामात आणलं गेलं. पैसे कसे मिळणार, हप्ता कधी, पट्टा कुठे हवा, सिमेंटचं प्रमाण काय, ही माहिती त्यांनी घरोघरी पोचवली आणि गावातल्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या. अहवालांत याला 'लोकसहभाग' म्हणतात. हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की त्याखाली काय घडलं ते दिसेनासं होतं. डिझाइनच्या भाषेत बोलायचं तर डिझाइन तपासायचं काम ऑफिसातून उठून उंबऱ्याशी आलं.

हे सगळं सुरळीत पार पडलं असं मात्र लिहू नका, कारण तसं झालेलं नाही. बऱ्याच लोकांनी मिळालेल्या पैशांतून जुनं दगडी घर मजबूत केलंच नाही. शेजारी वीट-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि रात्री तिथे झोपायला लागले. दगडाची भीती मनात बसली होती. ज्या दगडाखाली शेजारची माणसं गेली, तो दगड आरपार घातला की सुरक्षित होतो हे पटायचं कसं? त्यात आरसीसीची खोली म्हणजे प्रतिष्ठा. तज्ज्ञांनी याला मजबुतीकरणाचं अपयश म्हटलं. मला ते अर्धंच पटतं. त्या खोलीत पट्टा असेल आणि माणसं तिच्यात झोपत असतील, तर न बदलायच्या चार अटी पोचल्या. दगडी घर वाचवायचं हा तज्ज्ञांचा आग्रह होता, लोकांना जीव वाचवायचा होता. आपला मूळ नकाशा हाताखालच्यांनी असा वळवलेला पाहणं कुठल्याही डिझाइनरला जड जातं. पण तोटाही खरा आहे. पडझड झाली तरी ज्या सांगाड्याने टिकून दाखवलं, ती लाकडी खणांची बांधणी या ओघात मागे पडली. सुतार शहाणा ठरला आणि त्याचंच काम संपलं.

आता संशोधनाचं बोलू. तुम्ही नांदेड विद्यापीठाच्या कक्षेतल्या कुठल्याही कॉलेजात असाल तर हा विषय तुमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे. फक्त कागदांतून तो करू नका. कागदांत 52 गावांचा भाग ठळक दिसेल, कारण तिथे नकाशे झाले, सह्या झाल्या, उद्घाटनं झाली. दुरुस्तीच्या कामात गवंड्याची सही कुठेच नसते. फक्त अभिलेखागारात बसलात तर प्रबंधात वरून आलेलं डिझाइनच मोठं होईल, आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही.

तेव्हा पंचविशीत असलेले गवंडी आता साठीच्या घरात आहेत, संवाद सहायक म्हणून फिरलेल्या बायकाही. त्यांच्याशी बोलताना 'तुमचा सहभाग काय होता' असं विचारलंत तर अहवालासारखंच उत्तर मिळेल. त्याऐवजी वस्तूपासून सुरू करा. हा पट्टा कुणी सांगितला? नको म्हणणारं कोण होतं? सळई कमी पडली तेव्हा काय केलं? इंजिनिअरचं कुठलं म्हणणं ऐकलं नाही, आणि का? शेवटचा प्रश्न सर्वात उपयोगाचा, पण तो इंजिनिअर समोर बसलेला असताना विचारू नका.

शक्य झालं तर त्या माणसांच्या पुढच्या प्रवासाची नोंद ठेवा. 2001 मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायका गुजरातला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगितला. कुठला नकाशा त्यांच्याबरोबर गेला नव्हता. त्यांनी तिथे नेमकं काय सांगितलं, अटी सांगितल्या की घरं सांगितली, हे अजून कुणी नीट विचारून लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.