आभासी यंत्रांचे बांध

भाईंदरच्या खाडीकांठीं पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकत आलें. भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें, एका खाचरांतून दुसऱ्यांत नेत तें आटवावयाचें आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरावयाचें, असा हा उद्योग. त्याचा सारा जीव मातीच्या बांधांत असतो. बांध झिरपला, तर शेजारचें कच्चें पाणी तयार मिठांत उतरतें. आज मीरा रोड व भाईंदर येथील घराघरांतून बँकेचे जे व्यवहार फोनवर होतात, त्यांतले कित्येक ज्या दूरच्या गणकयंत्रांवर पार पडतात, तेथेंही असेच बांध आहेत. ते मातीचे नसून आज्ञांचे आहेत. आणि त्यांच्या गळतीचा व दुरुस्तीचा इतिहास अर्ध्या शतकाहून मोठा आहे.

एका यंत्रांत अनेक यंत्रें नांदविण्याची कल्पना अमेरिकेंतील केंब्रिज येथें, आय.बी.एम.च्या संशोधन केंद्रांत आकारास आली. रॉबर्ट क्रीझी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रचलेली सी.पी.-४० ही व्यवस्था जानेवारी १९६७ मध्यें कामास लागली. तिच्यावर एकाच वेळीं १४ आभासी यंत्रें चालत. प्रत्येक वापरणाऱ्यास वाटे कीं, सारें यंत्र आपलेंच आहे. वस्तुतः प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा हिशेबनीस, एकच होता; तो क्षणभर एकाचें काम करी व क्षणभर दुसऱ्याचें.

काम बदलतांना पहिल्याचा पसारा जसाच्या तसा जपून ठेवावा लागे. त्या यंत्रांत हा पसारा आटोपशीर होता: १६ साधीं रजिस्टरें, अपूर्णांकांच्या गणिताचीं ४, आणि यंत्र कोणत्या आज्ञेपाशीं, कोणत्या अधिकारानें उभें आहे हें सांगणारी ६४ बिटांची एक नोंद. रजिस्टर म्हणजे हिशेबनीसाच्या हाताशीं असलेली छोटी पाटी. पाटी उतरून घेण्यास तो विसरला, तर आधीच्याचा हिशेब चुकतो. पुसण्यास विसरला, तर नव्यास आधीच्याचें गुपित दिसतें. आणि अधिकार बदलण्यापूर्वीं पाट्या बदलल्या, तर पाहुण्याच्या हातीं यजमानाच्या किल्ल्या जातात.

पोपेक व गोल्डबर्ग यांनीं १९७४ मध्यें याविषयींचा नियम मांडला. यंत्राच्या स्थितीला हात घालणारी आज्ञा पाहुण्यानें दिली, कीं प्रोसेसरनें थांबून व्यवस्थापकास हांक मारावी, असा त्याचा आशय. इंटेलचे प्रोसेसर या नियमास धरून घडलेले नव्हते. २००० सालीं पेंटियमची छाननी झाली, तेव्हां नियम मोडणाऱ्या १७ आज्ञा निघाल्या. त्यांतील पॉपएफ या आज्ञेनें पाहुण्यानें बाहेरच्या हांका बंद करण्यास सांगितलें, तर प्रोसेसर तें पाळीतही नसे आणि तक्रारही करीत नसे. १९९८ मध्यें स्थापन झालेल्या व्हीएमवेअरनें पाहुण्याच्या आज्ञा आधींच वाचून अशा घातक आज्ञा बदलण्याची युक्ति वापरली. २००५ मध्यें इंटेलनें प्रोसेसरांतच सोय केली, आणि तिच्या आधारावर केव्हीएम ही व्यवस्था फेब्रुवारी २००७ मध्यें लिनक्समध्यें दाखल झाली.

तरीही बांध झिरपतच राहिले. सिसरेट ही वरच्या अधिकारांतून खालीं परतण्याची आज्ञा ए.एम.डी.नें आखली; इंटेलनें ती घेतली, पण एका बारकाव्यांत फरक राहिला. परतीचा पत्ता अशक्य असला, तर इंटेलचा प्रोसेसर उंबरठ्याच्या आंत असतांनाच अडखळे. त्या क्षणीं अधिकार यजमानाचा असे, आणि पाटी मात्र पाहुण्याची. लिनक्सनें हा खड्डा २००६ मध्यें बुजविला. परंतु जून २०१२ मध्यें झेन ही आभासी यंत्रांची व्यवस्था, तशीच विंडोज ७ व फ्रीबीएसडी, त्याच खड्ड्यांत सांपडल्या. उपाय साधा होता: परतण्यापूर्वीं पत्ता तपासणें.

दुसरा दोष काटकसरींतून आला. अपूर्णांकांच्या गणिताचीं रजिस्टरें पुढें मोठीं झालीं, आणि पुष्कळांना तीं लागतच नसत. म्हणून नवा पाहुणा मागेपर्यंत जुन्याच्या पाट्या तशाच ठेवाव्या, अशी रीत पडली. कागदावर ती निर्दोष होती. पण नवे प्रोसेसर परवानगीची वाट न पाहतां पुढचें काम अटकळीनें करूं लागले. जून २०१८ मध्यें उघड झालें कीं, इंटेलच्या कोअर मालिकेंतील प्रोसेसर थांबण्यापूर्वींच जुन्या पाटीवरील आंकडे घेऊन पुढें जातात, आणि मागें उरलेल्या खुणांवरून ते आंकडे ओळखतां येतात. गुप्तलेखनाच्या किल्ल्या पुष्कळदां याच रजिस्टरांतून जातात. दुरुस्ती एका वाक्याची होती: काम बदलतांच सर्व पाट्या बदलाव्या. लिनक्सनें २०१६ मध्येंच ही रीत स्वीकारली होती, कारण नव्या यंत्रांवर त्या चालढकलींत काटकसरही उरली नव्हती.

या दुरुस्त्या आकारानें लहान, बहुधा कांहीं ओळींच्या. पण त्या वेळेवर न झाल्यास नुकसान होतें तें बांध घालणाराचें नव्हे, तर शेजारच्या वाफ्यांतील माणसाचें. आणि आपल्याला शेजारी आहे, हें त्यास बहुधा ठाऊकही नसतें.