लोकहितवादींची पत्रे : एका स्तंभलेखकाचा विचार

मराठी वृत्तपत्रांतील नियमित स्तंभलेखनाचा उगम शोधू लागले असता गोपाळ हरि देशमुख यांच्यापाशी थांबणे प्राप्त होते. भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात 'लोकहितवादी' या नावाने त्यांची १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. हीच पुढे 'शतपत्रे' म्हणून ओळखली जाऊ लागली. लेखनास आरंभ झाला तेव्हा लेखकाचे वय अवघे २५ वर्षांचे होते.

देशमुखांचा जन्म १८२३ मध्ये पुण्यात झाला. वडील बापू गोखले यांचे फडणीस असल्यामुळे पेशवाईचा अस्त या घराने जवळून पाहिला होता. त्या अस्ताची कारणे परक्यांच्या कपटात न शोधता स्वकीयांच्या आळसात, अज्ञानात व जातिगर्वात शोधावी, हे या पत्रांचे मुख्य सूत्र होय. स्वतः ब्राह्मण असून ब्राह्मणांच्या निरर्थक पाठांतरावर व विधवांच्या दुःस्थितीवर त्यांनी जे प्रहार केले, ते त्या काळच्या पुण्यात सहजी पचण्याजोगे नव्हते.

तथापि इंग्रजी राज्याची त्यांनी केलेली स्तुती हाच त्यांच्यावरील मोठा आक्षेप ठरला. 'निबंधमाले'तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. परंतु ही पत्रे ग्रंथातील सलग सिद्धांत म्हणून वाचणे योग्य नव्हे. आठवड्यामागून आठवडा, समकालीन वाचकाला डिवचण्यासाठी लिहिलेले ते आटोपशीर लेख आहेत. इंग्रजांना गुरू मानणाऱ्या याच लेखणीने हिंदुस्थानास पार्लमेंट असावे अशी मागणी केली आणि जाडेभरडे असले तरी देशी कापडच वापरावे, असाही उपदेश केला. ज्या गुरूकडून शिकावयाचे त्याच्यावर कायमचे अवलंबून राहावयाचे नाही, असा या दोन भूमिकांचा मेळ लावता येतो.

पुढे न्यायखात्यात नोकरी करीत असता अहमदाबाद व नाशिक येथे त्यांनी काम केले. १८९२ मध्ये ते निवर्तले. ग्रंथसंपदा विपुल असूनही त्यांचे नाव टिकले ते तारुण्यातील या अडीच-तीन वर्षांच्या लेखनामुळे. लेखक सरकारी सेवक होता, हे ध्यानी घेतले म्हणजे टोपणनावाचे प्रयोजन जसे उमगते, तसेच त्याच्या राजनिष्ठेची मर्यादाही. त्याची स्तुती आणि त्याची मागणी ही एकत्र ठेवून वाचल्यासच त्याला न्याय मिळेल.